वाळू चाळणारे मासे: अर्थईटर सिक्लिड घरच्या टाकीत कसे सांभाळावेत आणि त्यांची वीण कशी घ्यावी

दक्षिण अमेरिकेतील नद्यांच्या तळाशी राहणाऱ्या, सिक्लिड कुळातील माशांच्या एका गटाला ‘अर्थईटर’ म्हणजे ‘माती खाणारे’ असे नाव पडले आहे. ऑस्ट्रियाचे मत्स्यशास्त्रज्ञ योहान याकोब हेकेल यांनी १८४० साली या गटातील मुख्य प्रजातीला, म्हणजे जवळच्या जातींच्या समूहाला (genus), ‘जिओफेगस’ हे नाव दिले, आणि त्याचा ग्रीक अर्थही तोच आहे. प्रत्यक्षात हा मासा माती खात नाही, तो ती चाळतो. तळाशी तिरके होऊन तो तोंडभर वाळू उचलतो आणि क्षणभर तोंडातल्या तोंडात घोळवतो. मग नको असलेले कण कल्ल्यांच्या फटींतून दोन्ही बाजूंनी धुरासारखे बाहेर पडतात, उरलेली वाळू तोंडावाटे बाहेर टाकली जाते, आणि किडे, अळ्या, सेंद्रिय कण तेवढे घशाकडे जातात. हे काम तो जागा असेपर्यंत जवळजवळ अखंड करत असतो. यातील अनेक जाती याच तोंडात आपली पिल्लेही वाढवतात. म्हणून या माशाच्या टाकीबाबतचा प्रत्येक निर्णय घेताना त्याच्या तोंडाचा विचार आधी करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

आधी जात ठरवा, मग टाकी घ्या

‘अर्थईटर’ या एका नावाखाली परस्परांहून बरेच वेगळे मासे येतात आणि नव्या पालकाची पहिली चूक बहुधा इथेच होते. खुद्द जिओफेगस प्रजातीतील अल्टिफ्रॉन्स, सुरिनामेन्सिस, विनेमिलेरी, स्वेनी हे मासे ॲमेझॉन, ओरिनोको आणि त्यांच्या आसपासच्या उष्ण नद्यांतले आहेत. त्यांना २७ ते २९ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते, ते २० सेंटिमीटरच्या आसपास वाढतात आणि कळपात राहणेच त्यांना आवडते. तापाजोस नदीतला तांबड्या डोक्याचा अर्थईटर कित्येक वर्षे शास्त्रीय नावाशिवाय ‘रेड हेड तापाजोस’ म्हणून पाळला जात होता. २०२२ साली त्याला जिओफेगस पायरोसेफॅलस हे नाव मिळाले. तो स्वभावाने शांत आहे, टाकीत जन्मलेले मासे मिळतात आणि त्याची वीण तुलनेने सहज होते. पहिल्यांदा हा गट पाळणाऱ्याने त्याच्यापासूनच सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

जागा कमी असेल तर कोलंबियातील मॅग्डालेना नदीच्या परिसरातला स्टाइनडाखनेरी हा लहान मासा योग्य ठरतो. त्याच्या नराच्या कपाळावर लालसर उंचवटा येतो. दक्षिण ब्राझील आणि उरुग्वेच्या बाजूचा ब्राझिलिएन्सिस काटक आहे आणि थोडे थंड पाणीही सोसतो, पण मोठा झाल्यावर आणि विशेषतः विणीच्या काळात तो दांडगाई करतो. जिम्नोजिओफेगस प्रजातीतील मासे त्याहूनही समशीतोष्ण भागातले आहेत. त्यांना वर्षातून काही आठवडे थंड पाण्याचा हिवाळा लागतो. बारमाही २७ अंशांवर ठेवल्यास ते लवकर थकतात आणि विणीलाही नीट येत नाहीत. सॅटनोपर्का प्रजातीतील मासे दिसायला देखणे असले तरी त्यांना अतिशय मऊ, आम्लधर्मी आणि कायम स्वच्छ पाणी लागते. इतर अर्थईटर दोन-तीन वर्षे सांभाळल्याशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नये. गरम पाण्याची आणि थंड पाण्याची जात एकाच टाकीत ठेवली, तर त्यांपैकी एकीची आबाळ ठरलेलीच असते.

टाकीचा आकार

या माशांना उंचीपेक्षा तळाचा विस्तार हवा असतो. स्टाइनडाखनेरीच्या एका नराला आणि तीन-चार माद्यांना चार फूट लांब आणि दीड फूट रुंद टाकी पुरते. तांबड्या डोक्याच्या सहा माशांसाठी मी १२० सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर उंच ही किमान मर्यादा मानतो. या मापाच्या टाकीत सुमारे ४३० लिटर पाणी मावते. अल्टिफ्रॉन्ससारख्या मोठ्या जातींचा कळप ठेवायचा असेल, तर सहा फुटी टाकीच घ्यावी. ‘लहान आहेत तोवर लहान टाकीत ठेवू, नंतर बघू’ हा बेत बहुतेक वेळा फसतो, कारण वाढ खुंटते आणि पाणी बिघडल्याचे लक्षात येईपर्यंत माशांच्या डोक्यावर खड्डे दिसू लागलेले असतात.

मासे एकट्यादुकट्याने आणू नयेत. दोन किंवा तीन ठेवले तर बलवान मासा दुबळ्याचा सतत पाठलाग करतो. सहा ते आठ असले की ही धुसफूस सगळ्यांत वाटली जाते आणि जोडी जमण्यासाठी निवडीला वावही मिळतो.

वाळू

वाळूबाबत कुठलीही तडजोड करू नये. खडी, धारदार कण, रंगाचा मुलामा दिलेले खडे किंवा काचेचा चुरा या माशांच्या टाकीत कधीही घालू नये. मोठा खडा तोंडात घेता येत नाही किंवा घेतलाच तर तो अडकतो, आणि धारदार कण तोंडाच्या व कल्ल्यांच्या नाजूक पडद्यांना इजा करतात. सुरुवातीच्या काळात मी एका टाकीत बारीक खडीच ठेवली होती. त्या टाकीतले मासे तळाकडे वळून पाहत, एखादा खडा उचलत, लगेच टाकून देत आणि काही दिवसांनी त्यांनी तोही प्रयत्न सोडला. ते वरून पडणारे दाणे खात होते, पण कोपऱ्यात दबून राहत होते आणि त्यांचे रंगही फिके पडले होते. खडी काढून वाळू घातल्यावर तासाभरातच सगळा कळप तळाला लागला, आणि तेव्हापासून या विषयात मी कुणाचाही वाद ऐकून घेत नाही.

कणांचा आकार अर्धा मिलिमीटरच्या आसपास, फार तर एक मिलिमीटर असावा आणि कण गोलसर असावेत. पोहण्याच्या तलावांच्या गाळणीत वापरतात ती सिलिका वाळू या कामाला उत्तम ठरते. वाळूची परीक्षा घरीच करता येते. मूठभर ओली वाळू तळहातावर घेऊन दुसऱ्या तळहाताने चोळावी, टोचली किंवा ओरखडली तर ती नाकारावी. मग चमचाभर कोरड्या वाळूवर पांढरे व्हिनेगर टाकून पाहावे. बुडबुडे आले, तर तिच्यात शिंपल्यांचा किंवा प्रवाळाचा चुनखडीयुक्त अंश आहे आणि ती पाण्याची कठीणता व पीएच वाढवत राहील.

वाळूचा थर तीन ते पाच सेंटिमीटर पुरे. वर सांगितलेल्या १२० सेंटिमीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद टाकीत तीन सेंटिमीटरच्या थराला सुमारे २२ लिटर, म्हणजे अंदाजे ३५ किलो वाळू लागते. मासे वरचा थरच उलथापालथ करतात. त्याखालचा जाड थर न हलल्यामुळे तिथे प्राणवायू पोचत नाही, वाळू काळी पडते आणि सडक्या अंड्याचा वास येणारा विषारी वायू साचू शकतो. टाकीत घालण्यापूर्वी वाळू बादलीत थोडी थोडी घेऊन, पाणी निवळशंख येईपर्यंत धुवावी. हे कंटाळवाणे काम अर्धवट सोडले, तर पुढे कित्येक दिवस टाकी गढूळ राहते आणि मासे ती गढूळता रोज नव्याने उठवतात.

दगड ठेवायचे असल्यास वाळू घालण्याआधी ते थेट टाकीच्या तळाच्या काचेवर टेकवावेत. वाळूवर ठेवलेल्या दगडाखालची वाळू मासे उकरतात आणि दगड कलंडून मासा दबू शकतो किंवा काच फुटू शकते. दोन-तीन सपाट, गुळगुळीत दगड, लाकडाचे एखाददुसरे मूळखोड आणि बाकी तळ मोकळा, एवढी मांडणी पुरते. मुळे वाळूत रुजणाऱ्या वनस्पती उपटल्या जातात, म्हणून लाकडाला बांधता येणारे अनुबियास किंवा जावा फर्न निवडावे. प्रकाश मंद असावा, भडक दिव्याखाली हे मासे बुजतात.

पाणी आणि गाळणी

टाकी भरून त्याच दिवशी मासे सोडू नयेत. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो, जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ही जिवाणूंची वसाहत गाळणीत रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवू लागल्यावरच मासे आणावेत. चालू टाकीतल्या गाळणीचा जुना स्पंज नव्या गाळणीत घातल्यास हा काळ बराच कमी होतो.

तळाच्या वाळूखालून पाणी ओढणारी गाळणी या माशांसाठी निरुपयोगी आहे, कारण ते तिची जाळी उघडी पाडतात. बाहेर बसवायची कॅनिस्टर (बंद डब्याची) गाळणी किंवा संप, म्हणजे गाळणीसाठीची वेगळी जोडटाकी, वापरावा. पाणी ओढणारी नळी तळापासून किमान १५ सेंटिमीटर वर ठेवून तिच्या तोंडावर स्पंज बसवावा, नाहीतर कल्ल्यांतून उडणारी वाळू पंपात जाऊन त्याचा फिरता भाग झिजवते. काचेचा हीटर मोठ्या माशांच्या धडकेने फुटू शकतो. त्याला जाळीचे आवरण घालावे किंवा तो संपमध्येच ठेवावा.

टाकीत जन्मलेल्या माशांना पीएच ६.५ ते ७.५ या दरम्यान आणि स्थिर असला तर पुरते. नेमका आकडा गाठण्यासाठी रोज रसायने ओतण्याने अपायच अधिक होतो. खरी कसोटी नायट्रेटची असते. ते लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या खाली राहावे, यासाठी दर आठवड्याला निम्मे पाणी बदलण्याची तयारी हवी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असल्यास क्लोरीननाशक घालूनच ते वापरावे आणि तापमान टाकीतल्या पाण्याच्या जवळ आणावे. वाळू साफ करताना सायफनचे तोंड वाळूत खुपसू नये. वाळूच्या वर दोन बोटे अंतर ठेवून ते फिरवले की हलकी घाण वर ओढली जाते आणि वाळू जागेवर राहते.

अर्थईटरांना सर्वाधिक छळणारा आजार म्हणजे डोक्यावर आणि डोळ्यांभोवती पडणारे खड्डे. त्याचा संबंध स्पायरोन्यूक्लियस या आतड्यातील परजीवीशी जोडला जातो, परंतु साचलेले नायट्रेट, एकसुरी आहार आणि ताण यांमुळेच तो बळावतो. पहिले बारीक टोचे दिसताच दोन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलावे आणि आहार सुधारावा. मासा खाणे सोडून पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा टाकू लागला, तर जाणकार पशुवैद्याच्या सल्ल्याने मेट्रोनिडॅझोल हे औषध द्यावे. नवे मासे तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवूनच मुख्य टाकीत सोडावेत.

आहार आणि शेजारी

निसर्गात हा मासा दिवसभर चिमूट-चिमूट खातो, म्हणून एकदाच भरपूर घालण्याऐवजी दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे घालावे. लगेच बुडणारे, एक ते दीड मिलिमीटरचे दाणे हा मुख्य आहार ठेवावा. जोडीला आर्टेमिया, डॅफ्निया, मायसिस हे कोळंबीसारखे बारीक जलजीव गोठवलेल्या रूपात आणि कधीतरी उकडलेल्या मटाराचा गर किंवा स्पिरुलिना असलेले खाद्य द्यावे. लाल अळ्या मासे आवडीने खातात, पण त्या आठवड्यातून एकदाच. गाई-म्हशीचे काळीज किंवा अन्य सस्तन प्राण्यांचे मांस देऊ नये, त्यातील चरबी या माशांना पचत नाही.

शेजारी म्हणून मध्यम आकाराचे टेट्रा, सिल्व्हर डॉलर किंवा ब्रिसलनोज प्लेको चालतात. वरच्या थरात निर्धास्त फिरणारे टेट्रा दिसले की अर्थईटरही धीट होतात. ऑस्कर किंवा मध्य अमेरिकेतील आक्रमक सिक्लिड सोबत ठेवू नयेत, कारण खाण्याच्या वेळी अर्थईटर नेहमी मागे पडतात.

विणीच्या तीन तऱ्हा

या गटात वीण एकाच पद्धतीने होत नाही. ब्राझिलिएन्सिसची जोडी दगडावर अंडी घालते आणि अंडी-पिल्लांची उघड्यावरच राखण करते. स्टाइनडाखनेरीची मादी अंडी घालताच ती तोंडात घेते. नराच्या तोंडाच्या कोपऱ्याशी पिवळा-नारिंगी ठिपका असतो, त्याला ती चोच मारते आणि त्याच सुमारास अंडी फळतात. त्यानंतर नराचा संबंध संपतो आणि तो दुसऱ्या मादीकडे वळतो, म्हणूनच या जातीत एका नरामागे तीन-चार माद्या ठेवाव्यात. तिसरी तऱ्हा तांबड्या डोक्याच्या आणि अल्टिफ्रॉन्स गटातील माशांची आहे. ते अंडी दगडावर घालतात, फुटेपर्यंत राखतात आणि मग अळ्यांसारखी पिल्ले आई-बाप दोघेही तोंडात घेतात. पुढचे वर्णन मुख्यतः या तिसऱ्या तऱ्हेचे आहे.

या तिसऱ्या तऱ्हेच्या माशांत एरवी नर-मादी बाहेरून ओळखता येत नाहीत. अंडी घालण्याच्या एक-दोन दिवस आधी पोटाखाली जननांकुर दिसतो. मादीचा जाड व बोथट असतो आणि नराचा बारीक व टोकदार. म्हणून ओळखण्याच्या भानगडीत न पडता सहा ते आठ पिल्ले आणून एकत्र वाढवावीत आणि जोडी त्यांची त्यांना जमवू द्यावी. त्याला वर्ष-दीड वर्ष लागू शकते. त्या काळात खाणे चांगले ठेवावे, आणि मासे पूर्ण वाढीला आल्यावर तापमान अंशभर वाढवून सलग काही दिवस थोडे अधिक पाणी बदलावे. नदीला नवे पाणी आल्यासारखी ही चाहूल पुष्कळदा कामी येते.

जोडी जमली की दोघे एक सपाट दगड निवडून तो तोंडाने घासू लागतात आणि इतरांना हाकलतात. त्याभोवती उथळ खळगा होतो. मादी दगडावरून सरकत अंड्यांची एक ओळ घालते, तिच्या मागून नर जातो, आणि हा क्रम तास-दोन तास चालतो. बऱ्याचदा जोडी अंड्यांवर वाळूचे कण टाकते. नवख्या पालकाला वाटते की अंडी गाडली गेली, परंतु तो त्यांना लपवण्याचाच प्रकार असतो, तिथे हात घालू नये.

साधारण दोन-तीन दिवसांनी दगड अचानक रिकामा दिसतो. लगेच निराश होऊ नये. मादीचा गळा किंचित फुगलेला आहे का, ती तोंड न उघडता चावल्यासारखी हालचाल करते का, खाद्य पडूनही कण टिपत नाही का, हे लांबून पाहावे. मी प्रथम हे पाहिले तेव्हा अर्धा तास टाकीसमोरून हललो नव्हतो. मादी नराजवळ गेली, दोघांची तोंडे समोरासमोर आली आणि तिने पिल्ले त्याच्यासमोर वाळूवर हलकेच सोडली. नराने ती एकेक करून उचलली आणि मादी सरळ खाद्याकडे गेली. ही पाळी ते दिवसातून अनेकदा बदलतात, म्हणून जोडीतील एकालाच उचलून वेगळे करणे म्हणजे चालू संसार मोडणे होय.

पहिल्या दोन-तीन वेळा तरुण जोडी अंडी खाऊन टाकते. हे सर्वत्र घडते. त्यावर लगेच अंडी काढून कृत्रिमरीत्या उबवण्याचा मार्ग धरू नये, जोडीला सराव होऊ द्यावा. प्रत्येक वेळी टाकीतील इतर मासेच कारण ठरत असतील, तर त्या माशांना हलवावे, जोडीला नव्हे. तोंडात पिल्ले असलेला मासा हलवावाच लागला, तर जाळी वापरू नये. पाण्याखाली मोठे भांडे धरून, मासा त्यात हळूच वळवून, पाण्यासकट उचलावा. जाळीत तो घाबरून पिल्ले थुंकतो.

पिल्लांचे संगोपन

अंडी घातल्यापासून सुमारे आठ ते बारा दिवसांत पिल्ले पोहू लागतात. आई-बाप त्यांना वाळूवर सोडतात, परांच्या झटक्याने इशारा देतात, आणि सावली पडली की किंवा संध्याकाळी प्रकाश कमी झाला की पिल्ले धावत तोंडात शिरतात. त्यामुळे दिवा एकदम घालवू नये. खोलीतला उजेड काही वेळ चालू ठेवावा, म्हणजे सगळी पिल्ले गोळा होतात.

पहिले अन्न म्हणून ताजे फुटलेले आर्टेमिया सर्वोत्तम ठरते. एक लिटर पाण्यात सुमारे २५ ग्रॅम मीठ घालून, २७ अंशांच्या आसपास तापमान, जोरदार हवा आणि प्रकाश ठेवला की त्यात टाकलेली आर्टेमियाची अंडी २४ तासांत फुटतात. हवा बंद करून दहा मिनिटे थांबावे, टरफले वर तरंगली आणि आर्टेमियाची नारिंगी पिल्ले तळाशी जमली की ती ओढून घ्यावीत, गोड्या पाण्यात धुवावीत आणि ड्रॉपरने माशांच्या पिल्लांच्या थव्याजवळ सोडावीत. दिवसातून तीन-चार वेळा हे करावे. मायक्रोवर्म (बारीक जिवंत कृमी) आणि भुकटी केलेले खाद्य जोडीला चालते.

पिल्ले आई-बापांजवळ दोन-तीन आठवडे राहू द्यावीत. नंतर निम्मी सायफनने वेगळ्या टाकीत घ्यावीत, तिथे स्पंज गाळणी आणि अगदी पातळ, अर्धा सेंटिमीटर वाळू असावी. एवढीशी पिल्लेही काही दिवसांतच तोंड वाळूत घालून चाळू लागतात. या टाकीत रोज दहा ते वीस टक्के पाणी बदलावे, कारण दाटीत वाढणाऱ्या पिल्लांची वाढ साचलेल्या घाणीने सर्वांत आधी खुंटते. वाकडा कणा किंवा अपुरी कल्ल्याची झाकणे असलेली पिल्ले पुढच्या विणीसाठी ठेवू नयेत.

जिओफेगसच्या जवळच्या जाती एकत्र ठेवल्यास त्यांची संकरित पिल्ले होऊ शकतात, आणि लहानपणी ती ओळखता येत नाहीत. म्हणून एका टाकीत या प्रजातीची एकच जात ठेवावी. पिल्ले चार-पाच सेंटिमीटरची झाल्यावर दुसऱ्यांना देताना, जातीचे नाव, आई-बाप कुठून आले ते आणि अंडी घातल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी पिशवीवर चिकटवावी. मूळ ठिकाण माहीत नसेल, तर तसेच लिहावे, अंदाजाने नदीचे नाव घालू नये.